आईचं कमळ आणि माझे तीन पंप

आमच्या घरामागं हौद आहे आणि मी पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात कामाला आहे. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काहीही संबंध नाही, हे सांगून सांगून मी आता थकलोय. ऑफिसात मी आस्थापनेत बसतो. कुणाचा रजेचा अर्ज, कुणाचं सर्व्हिस बुक, कुणाच्या नावात काना राहिलाय, असलं माझं काम. पाण्याशी माझा संबंध कोपऱ्यातल्या माठापुरता. पण लातुरात पाणीपुरवठ्यातला माणूस म्हटलं, की धरणाची किल्ली याच्याच खिशात असते असं गल्ली धरून चालते.

हौदाची हकिकत अशी. मागच्या पावसाळ्यात आई इस्लापूरकडं मावशीच्या गावाला गेली होती. तिथल्या तळ्यातला कमळाचा कंद ओल्या फडक्यात गुंडाळून तिनं लातूरपर्यंत आणला, एसटीनं, मांडीवर ठेवून. (मला दवाखान्यातून घरी आणताना तिनं इतकी काळजी घेतली असेल असं मला वाटत नाही.) मागच्या अंगणात सिमेंटचा जुना हौद होता, चार बाय सहाचा. आईनं घमेल्यात काळी माती भरली, कंद लावला, घमेलं हौदात बुडवलं आणि जाहीर केलं, "येत्या बुद्ध पौर्णिमेला विहारात माझ्या दारचं कमळ जाईल."

नुसतं घरात सांगितलं असतं तर प्रश्न नव्हता. ती विहारातल्या सगळ्या बायांना सांगून आली. तिचंही खरं होतं. बहात्तर वर्षांच्या आयुष्यात तिनं बुद्धापुढं ठेवलेलं प्रत्येक फूल बाजारातलं नाहीतर दुसऱ्याच्या दारचं होतं, कारण आमच्या दारात झाडाला घालायला कधी पाणीच उरलं नाही. पौर्णिमेला तीन आठवडे असताना पहिली कळी वर आली. आई तिच्याशी बोलायला लागली.

आणि त्याच आठवड्यात हौदाचं पाणी हिरवंगार झालं. शेवाळाच्या दोऱ्या कळीच्या देठाला गुंडाळल्या आणि वास यायला लागला. इतर गावांत पाणी खराब झालं की बदलतात. लातुरात ऐन उन्हाळ्यात हौदभर पाणी ओतून दिलं तर गल्ली आपल्याला वाळीत टाकते. म्हणजे पाणी तेच ठेवायचं आणि तेच साफ करायचं. त्याला पंप पाहिजे आणि फिल्टर पाहिजे.

"तू पाणीपुरवठ्यात हाईस की," आई म्हणाली. "बघ कायतरी."

"आई, मी तिथं रजा मंजूर करतो."

"मग ह्या शेवाळाला रजा दे."

आता पंप म्हटलं की आमच्याकडं दोनच प्रकार माहीत. एक कूलरचा, एक बोअरचा. या दोन्हींच्या मध्ये काही असतं, अशी शंकासुद्धा आम्हाला येत नाही. मी सोपा मार्ग धरला. घरातल्या कूलरचा पंप काढला, हौदात सोडला आणि फिल्टर म्हणून कूलरचंच गवत एका टोपलीत कोंबून त्यावर पाणी पाडलं. गवताचा रंग उतरला. दोन दिवसांत हिरवं पाणी चहाच्या रंगाचं झालं, तिसऱ्या दिवशी गवत पंपात अडकलं आणि पंप बंद पडला. या तीन दिवसांत घरात कूलर नव्हता, हे सांगायचं राहिलं. बाहेर पापड भाजून निघावेत असं ऊन होतं.

"कमळाला गारवा आन् आम्ही मेलो तरी चालंल," माझी बायको वर्षा म्हणाली. ती शांतपणे म्हणाली, त्यामुळं मी जास्त घाबरलो.

तिनं औशाहून तिच्या भावाला बोलावलं. माझा हा मेव्हणा, मिलिंद, शेती करतो. बोअर, मोटार, स्टार्टर यात त्याची हयात गेली आहे आणि माझ्याबद्दल त्याचं मत लग्नापासून एकच आहे.

"दाजी, कूलरच्या पंपानं हौद साफ करलालाव? लोक हसतील की."

"मग कसला पाहिजे?"

"पंप बघताना एकच बघायचं. पाणी किती लांब पडतंय."

त्यानं मोटारसायकलवर बांधून शेतातली एक हॉर्सपॉवरची मोटार आणली होती. तिच्या तोंडाला मोठा पाइप, पाइपच्या तोंडाला आमच्या मच्छरदाणीची चौपदरी घडी. हा फिल्टर. मी म्हणालो, जरा जास्त होत नाही का? तो म्हणाला, दाजी, तुम्ही फक्त बटन दाबा. मी दाबलं. मच्छरदाणी आधी गेली, तिच्या मागून पाणी गेलं. कंपाउंडची भिंत कमरेएवढी आहे, तिच्यावरून ते शेजारच्या बिराजदारकाकूंच्या अंगणात उतरलं. तिथं बाजेवर काकूंच्या वर्षभराच्या कुरडया वाळत होत्या. पाणी लांब पडायच्या कसोटीला मोटार पूर्ण उतरली.

काकू भिंतीपाशी आल्या. हातात एक हिरवी कुरडई होती.

"कांबळे," त्या म्हणाल्या, "तुमच्याकडं एवढं पाणी जास्त झालंय का हो?"

हौदातलं घमेलं कलंडलं होतं. कळी वाकली होती, पण मोडली नव्हती. आईनं घमेलं सरळ केलं आणि कळीला तुरकाठीचा आधार बांधला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. रात्री जेवताना तिनं फक्त दिवस मोजले. "नऊ राहिलेत," म्हणाली.

मग मी ते केलं जे आमच्या घरात सगळं करून झाल्यावरच करतात. ज्याला कळतं त्याच्याकडं गेलो. गोलाईजवळ मुश्ताकभाईंचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. वडिलांपासूनचा धंदा. त्यांनी माझं सगळं ऐकलं आणि तीन प्रश्न विचारले.

"साब, हौदात पाणी किती लिटर?"

"माहीत नाही."

"किती फूट वर चढवायचंय?"

"वर म्हणजे?"

"बरं. घाण कसली हाय? माती, पालापाचोळा, का नुसतं शेवाळ?"

"हिरवी हाय," मी म्हणालो.

मुश्ताकभाई माझ्याकडं बघत राहिले. "कोणत्या खात्यात हाव तुम्ही?"

मी सांगितलं. त्यांनी हातातली पक्कड खाली ठेवली.

पण माणूस मोठ्या मनाचा. दुसऱ्या दिवशी स्वतः घरी आले, टेप लावून हौद मोजला आणि मला समजावलं, "देखो साब, पंपाची ताकद नका बघू, दम बघा. छोटा असू द्या, पण दिवसरात चालला पाहिजे. दोन घंट्यांत अख्खा हौद एकदा फिल्टरमधून फिरला, बस झालं." धुण्याच्या कट्ट्यावर विटा रचून त्यांनी निळा ड्रम ठेवला. त्यात खाली गोटे, वर फोमचे थर. त्यांनीच आणलेला छोटा पंप हौदाच्या तळाशी विटेवर. पंप पाणी ड्रमात चढवणार, गाळलेलं पाणी ड्रमच्या नळीतून परत हौदात पडणार. "आन् लगेच साफ दिसणार न्हाई. फिल्टरला सबूर लागते. खाली-पिली धुवत बसू नका."

नळीसाठी हिरवा पाइप मीच दिला. आमच्या महापालिकेच्या नळाला लावायला आणलेला होता, लांब होता, त्यातलाच निम्मा कापला. दोन वेगळे पाइप कशाला, असा विचार मी केला. तो विचार लक्षात ठेवा.

पाचव्या दिवशी हौदाचा तळ दिसायला लागला. पाणी इतकं नितळ की आई जेवणाचं ताट घेऊन तिथंच बसायची. कळी हातभर वर आली, टोकाला गुलाबी झाली. दिवसभर नळीचं पाणी पडायचा आवाज यायचा. पहिल्या दिवशी सगळे दचकले, मग कानाला सवय झाली. मी ऑफिसात लोकांना पंप कसा निवडावा हे सांगायला लागलो.

पौर्णिमेच्या दोन दिवस आधी लाइट गेली. संध्याकाळपासून हौद गप्प होता. पहाटे पाचला लाइट आली, पंप सुरू झाला आणि अंधारात पाणी पडायचा आवाज आला. लातूरच्या माणसाला पहाटेच्या वेळी पाणी पडायचा आवाज म्हणजे काय, हे लातूरच्याच माणसाला विचारा. आमच्याकडं आठवड्यानं नळ येतो.

"नळ आले, उठा," वर्षा झोपेतच ओरडली.

मी डोळे न उघडता मागं पळालो. अंधारात हिरवा पाइप हाताला लागला, धार चालू होती. घरातला पाण्याचा ड्रम भरला. हंडे भरले, बादल्या भरल्या, कुकर भरला. पाणी काचेसारखं स्वच्छ. तेवढ्यात भिंतीपलीकडं काकू.

"आमच्या नळाला थेंब न्हाई. तुमच्याकडं कसं काय येलालंय?"

"काय माहीत."

"माहीत न्हाई कसं? पाणीपुरवठ्यातले ना तुम्ही."

एवढी वर्षं मी या वाक्याला नाही म्हणत आलो. त्या पहाटे मला काय झालं कोण जाणे. कदाचित कुरडयांचं मनात असेल. मी म्हणालो, "घ्या की काकू, भरा. घरचंच समजा." आणि पाइप भिंतीवरून पलीकडं दिला. (पाणी घरचंच होतं, हे नंतर कळलं.) काकूंनी शेजारी सांगितलं, शेजारणीनं समोर. बघता बघता भिंतीला सहा घरांचे हंडे लागले. मी पाइप धरून प्रत्येकीला सावकाश, सावकाश म्हणत होतो. नोकरीला लागल्यापासून पहिल्यांदाच मला आपल्या खात्याचा अभिमान वाटला.

उजाडता उजाडता धार बारीक झाली. पंप घरघरायला लागला. आई बाहेर आली. तिच्या हातात उद्यासाठी काढलेली पांढरी साडी होती.

"सुऱ्या," ती म्हणाली, "हौदातलं पाणी कुठं गेलं रे?"

मी हातातल्या पाइपकडं बघितलं. पाइपच्या मागं बघत गेलो. पाइप फिल्टरच्या निळ्या ड्रमपर्यंत गेला, ड्रम पंपापर्यंत, पंप हौदापर्यंत. हौदात चार बोटं पाणी होतं. पानं तळाला चिकटली होती आणि कळी काठीसकट सिमेंटवर आडवी पडली होती. आई हौदाच्या काठावर खाली बसली. पांढरी साडी मांडीवरच राहिली. मला माझीच लाज वाटली. मी सगळ्या बायकांसमोर सांगितलं की हे नळाचं नाही, आईच्या हौदाचं आहे.

बायका आपापल्या हंड्यात वाकून बघायला लागल्या.

"अगं बाई," काकू म्हणाल्या, "चहा केला की मी त्याचा."

"कसा झाला?" वर्षानं विचारलं.

"बरा झालता."

मग काकूंनी हंडा उचलला, फाटकातून वळसा घालून आल्या आणि हौदात ओतला. लातुरात भरलेला हंडा परत द्यायची पद्धत नाही. हंड्यावरून इथं सख्खे भाऊ बोलायचे बंद झालेत. पण काकूंच्या मागून दुसरी आली, तिच्या मागून तिसरी. वर्षानं घरातला ड्रम उपसला, मी कुकर ओतला. काकूंनी चार हंडे भरले होते, त्यांनी पाच ओतले. पाचवा त्यांच्या पिण्याच्या पाण्यातला होता. "म्हातारीच्या कळीसाठी," म्हणाल्या आणि कुरडयांचं काहीच काढलं नाही. आईनं कळी परत काठीला बांधली. तिनं कुणाला हात लावू दिला नाही. मला तर हौदाच्या जवळही येऊ दिलं नाही.

पंप कोरडा चालूनही वाचला. मुश्ताकभाईंनी भरवशाचाच निवडला होता. भरवशाचा नव्हता तो पाइप धरणारा.

दुसऱ्या दिवशी पहाटे कमळ उमललं. फार मोठं नव्हतं, एक पाकळी कडेला काळवंडलेली. आईनं पांढरी साडी नेसली, स्टीलच्या ताटात कमळ ठेवलं आणि विहारापर्यंत ताट कुणाच्या हाती दिलं नाही. वंदना झाल्यावर बाया तिच्याभोवती जमल्या.

"मावशी, ह्या उन्हात, लातूरच्या पाण्यावर, कमळ कसं काय आणलंत?"

"माझा ल्योक पाणीपुरवठ्यात हाय," आई म्हणाली.

मी मागं उभा होतो. सदरा नीट केला.

"तरीबी फुललं," आई म्हणाली.