ट्रॅक्टरवर कोण होतं?

यंदाच्या द्राक्ष हंगामात, तासगावजवळच्या एका बेदाणा शेडसमोर, भर दुपारी शेवंता ही मजूर बाई ट्रॅक्टरखाली सापडून मेली. चालवणारा उतरून पळाला. दोघांनी त्याला अगदी जवळून पाहिलं.

मी सांगलीच्या एका दैनिकाचा बातमीदार आहे. असल्या प्रकारांवर माझा कधीच विश्वास नव्हता... पाहिलं तेवढंच लिहितो.

शेडमालक आण्णा म्हणाले, चालवणारा त्यांचा ड्रायव्हर सलीम होता. मजुरांची मुकादम हौसाबाई म्हणाली, आण्णांचा मुलगा विकास. बाप मुलाला वाचवतोय, असा अर्थ मी काढला. शेवंताचा नवरा दगडू आण्णा आणि हौसाबाई दोघांना देवळात घेऊन गेला. इकडे कोर्टात खोटं बोलणारा माणूसही देवाचा भंडारा हातात घेऊन खोटं बोलत नाही. दोघांनी भंडारा उचलला. दोघंही आपल्या शब्दावरून हलले नाहीत.

मग हवालदारांनी शेडवरच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग लावलं. आम्ही सगळे एकाच स्क्रीनसमोर, सलीमलाही बोलावून घेतलेलं. चित्र स्वच्छ होतं, चालवणाऱ्याचा चेहरा समोरून.

"ह्यो काय सलीम!" आण्णा म्हणाले.

"आवं आण्णा, डोळं हायत का बटनं? तुमचा इकास हाय त्यो!" हौसाबाई ओरडली.

सलीम पुढे वाकला. "सीटवर कुणीच न्हाई की वो..."

मला एक म्हातारा दिसत होता — चष्मा, पांढरी दाढी. पूर्वी कधीच न पाहिलेला. हवालदारांना विचारलं, तर ते म्हणाले, "तुमाला कोण दिसलं ते मला सांगू नका. माझं मी बी सांगणार न्हाई."

दगडू तोवर दारातच उभा होता. बायकोचं मरण त्याला बघायचं नव्हतं.

"मला फकस्त नाव सांगा," तो म्हणाला. "आई कुणी मारली, लेकरांना काय सांगू?"

सगळ्यांचं एकमत होईल असं एकही नाव नव्हतं. एक जण तरी खोटारडा निघाला असता, तर त्याला धरता आलं असतं. इथे सगळेच खरं बोलत होते, आणि दगडूला त्याचा काही उपयोग नव्हता.

शेवटी तो स्वतः स्क्रीनसमोर बसला. एकदाच पाहिलं.

"कोन हाय रं?" हौसाबाईने विचारलं.

"ऱ्हाऊ दे, आक्का."

याचं स्पष्टीकरण मला अजून सापडलेलं नाही. दुसऱ्या दिवशी दगडूने पोलिसांत जबाब दिला — पत्नीच्या मृत्यूबाबत माझी कोणाविरुद्धही तक्रार नाही. खाली त्याची सही आहे.