सारवलेला गिलावा

फोडणीत कढीपत्ता टाकला आणि समोरच्या भिंतीच्या फरश्या अंगावर आल्या. वरच्या तीन ओळी एकदम सुटल्या. कढई पालथी झाली, डाव्या हाताला खोक पडली. मुलगा संजय आंघोळीतून ओल्या अंगानं धावत आला. वास्तुशांत होऊन वीस दिवस झाले होते. त्यानं माझा हात बघितला, भिंत बघितली, आणि शामू मिस्त्रीला फोन लावून शिव्या दिल्या. गल्लीला ऐकू जातील अशा.

त्याला सात वर्षं झाली. तो शामू गेल्या महिन्यात वारला. छातीत कळ आली आणि गेला. त्याच्याबद्दल लिहायचं तर या भिंतीपासूनच लिहायला हवं.

आम्ही मुरगूडकडचे. संजयनं कोल्हापुरात घर बांधलं म्हणून मी इथं राहायला आले. गिलावा आणि फरशी शामूकडं होती. बुटका माणूस, तोंडानं फटकळ, कामात कुणाचं ऐकायचा नाही. स्वयंपाकघराच्या भिंतीला त्यानं गिलावा केला, ओळंबा लावून भिंत सरळ आहे का बघितलं आणि सिमेंटचा माल ओला असतानाच थापीच्या टोकानं आडव्यातिडव्या रेघा ओढल्या. आठ दिवस पाणी मारा म्हणाला आणि गेला. रेघा कशाला, ते मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. मला ती ओरबाडलेली भिंत बघवेना. जन्मभर भिंती सारवल्या मी. माझा हात बघायला गावातल्या बायका यायच्या. घमेल्यात उरलेलं सिमेंट पाण्यात कालवलं आणि तळहातानं सगळ्या रेघा बुजवल्या. आठ दिवस पाणीही मीच मारलं, इमानानं. शामूला दुसरीकडं काम होतं, म्हणून फरशी लावायला त्यानं मेव्हण्याला पाठवलं. मेव्हण्यानं लावून टाकली...

शिव्या खाऊन शामू तासाभरात आला. पडलेल्या फरश्यांकडं त्यानं बघितलंच नाही. उघड्या भिंतीवरून हात फिरवला. तिथं बोटांच्या अर्धगोल रेघा होत्या, सारवणाच्या असतात तशाच. संजय कामावर जाईपर्यंत तो गप्प राहिला. मग माझ्याकडं वळला.

"आक्का, सारवण झ्याक केलंयसा की."

ओढलेल्या रेघांत माल रुतून बसतो आणि फरशी धरून ठेवतो, हे तेव्हा त्यानं समजावलं. मी म्हटलं, संजयला सांगते.

"नगासा. चूक माझीबी हाय. भिंतीवर हात न फिरवता मी फरशी लावाय सांगितली. आणि तुमास्नी ह्याच घरात ऱ्हायाचं हाय."

मी संजयला सांगितलं नाही. हाताला तीन टाके पडले होते, त्यामुळं सगळे माझ्याच बाजूचे होते. शामूनं सगळी भिंत छिन्नीनं टाचून खडबडीत केली, भिजवली आणि फरशी स्वतःच्या हातानं लावली. तरी गल्लीत त्याचं नाव 'पाडू मिस्त्री' पडलं. आमच्या ओळीतली पुढची दोन घरं दुसऱ्या मिस्त्रीकडं गेली. त्याच्या चालण्याबोलण्यात मात्र काही फरक पडला नाही. दारावरून जाताना विचारायचा, आक्का, आज काय सारवलं? अशी सात वर्षं...

त्याच्या उत्तरकार्याला पंगत बसली होती. शेजारचा एकजण म्हणाला, माणूस चांगला, पण हात कच्चा. संजयच्या आईचा जीवच घेत होता. संजयनं मान हलवली. मी ताट बाजूला सारलं.

"ती भिंत मी सारवली होती. शामूचा हात पक्का होता."

 संजय माझ्याकडं बघत राहिला. मी उठून आत शामूच्या बायकोकडं, शांताकडं गेले. तिला आधी सांगायला हवं होतं, असं म्हणणार होते. तिनं मला बोलूच दिलं नाही.

"मला म्हाईत हाय की. त्यांनी त्याच दिवशी सांगितलंतं."

सात वर्षं ती आमच्याकडं हळदीकुंकवाला येत होती. त्या भिंतीपुढं उभं राहून चहा पीत होती. मी विचारलं, मग बोलली का नाहीस, भांडली का नाहीस?

"मी भांडणारच हुते. त्येच म्हणायचे, आक्का सांगत्याल कवातरी."

सांगितलं, पण त्याच्या माघारी. सात वर्षं भिंतीचं खरं आम्हा तिघांनाच माहीत होतं. शामू गेला. आता गल्लीला माहीत झालंय, पण ते ऐकायला शांता आणि मीच आहोत.