बाजूला सरक

मुलीला एकच गोष्ट हवी होती. तिच्या लेकीचं बारसं येत्या रविवारी बदनापूरला आमच्याच घरी होतं. तिनं फोनवर सांगितलं, "पप्पा, माझ्या बारशाच्या सीडीतून आईनं मला मांडीवर घेतलेला तुकडा काढून ठेवा. तो आणि आताचा, दोन्ही टीव्हीवर लावायचेत."

"त्यात काय, ढीगभर असतील," मी म्हटलं.

अकरा सीड्या निघाल्या. मी अंकुशनगरला साखर कारखान्यात क्लार्क होतो आणि तिथल्या कॉलनीत राहायचो, तेव्हाच्या. अख्ख्या कॉलनीत व्हिडिओ कॅमेरा फक्त माझ्याकडं, आणि त्याची मिजास पगाराहून मोठी. पुढं कॅसेटच्या सीड्या करून घेतल्या आणि कपाटात टाकून दिल्या. आता नव्या लॅपटॉपला सीडी घालायची सोयच नाही, म्हणून वेगळा ड्राइव्ह आणला. एकेक सीडी जुन्या बनियननं पुसायची, आत सरकवायची, फाइल कॉपी झाली की चालवून बघायची. बायको शेजारी खुर्ची टाकून, मांडीवरच्या सुपात लसूण सोलत बसली होती.

बारशाची सीडी चालली. पाळणा दिसला, घुगऱ्यांची परात दिसली, आमच्या खात्याचे साहेब दिसले. साहेब जरा जास्तच दिसले. मग मुलगी दिसली आणि तिला धरलेले दोन हात, हिरव्या बांगड्यांनी भरलेले. आता कॅमेरा वर जाईल, चेहरा येईल, म्हणून मी पुढं सरसावलो. चेहऱ्याऐवजी माझा आवाज आला.

"सरक ना बाजूला! साहेब दिसून न्हाई राह्यले. सारखी मधी कामून येती?"

हात उचलले गेले. मुलगी माझ्या बहिणीच्या मांडीवर गेली आणि साहेब पूर्ण दिसले.

मी घाईघाईनं पुढची सीडी लावली. पहिला वाढदिवस. लाईट गेलेली, केकवर बाजूनं कुणीतरी बॅटरी धरलेली. "सावली पडून राह्यली तुझी, मागं हो." जावळाच्या सीडीत, "पदर आवर, मधी येऊन राह्यला." अकराही सीड्यांत हेच. साहेबांचं कुत्रं मिनिटभर आहे. बायकोचा चेहरा कुठंच नाही.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि त्याहून लाजेची गोष्ट म्हणजे, पहिल्यांदा मनात आलं ते हेच, की आवाज तेवढा बंद करून टाकावा, मुलीला कळणार नाही. मी माउस तिथवर नेलाही.

"असू द्या आवाज," लसणावरून नजर न उचलता बायको म्हणाली. "मला तर पाठच हाय."

मी माउसवरचा हात काढला.

मुलीला फोन केला. सीडी खराब झाली असं सांगायचं ठरवलं होतं, पण शेजारी बायको बसलेली. खरं तेच सांगितलं. मुलगी म्हणाली, "आताचा तरी नीट काढा."

फोन ठेवला तसा मी त्यातला कॅमेरा सुरू केला आणि बायकोसमोर धरला. तिनं वर पाहिलं. मांडीवरचं सूप उचललं, उठली, खुर्ची ओढत पार भिंतीपर्यंत नेली आणि तिथून विचारलं, "आता दिसून राह्यला का लॅपटॉप बराबर?"