काउंटरला लावलेलं कुंकू

भुताखेतांवर माझा कधी विश्वास नव्हता, आजही नाही. अंगारा-धुपारा करणाऱ्याला मी दारात उभं करत नाही. तरी हे सांगतोय... पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या.

बहात्तरच्या आसपासची गोष्ट. नगरच्या एका कॉलेजात मी फिजिक्सचा लॅब असिस्टंट होतो. आमच्या भापकर सरांनी अवकाशातून येणारे एक्स-रे मोजायचा काउंटर बनवला होता. हवा हे किरण वरच अडवते, म्हणून तो हैदराबादहून मोठ्या फुग्याला बांधून वर सोडायचा होता. त्याआधी दसरा आला. दसऱ्याला लॅबमधल्या झाडून सगळ्या यंत्रांची पूजा मी करायचो, तशी त्याचीही केली — कुंकू, झेंडूचं फूल.

फुगा गेला, काउंटर परत आला. कागदाच्या पट्टीवर चार मिनिटं रेघ भलतीच उसळलेली! तेव्हा काउंटर ज्या दिशेला रोखलेला होता, तिथे आकाशात काय आहे, कुणालाच ठाऊक नव्हतं. तपासायला मुंबईहून एक साहेब आले. त्यांना झाकणाच्या कडेला कुंकू दिसलं.

"यात काहीतरी किरणोत्सारी असणार. चूक झाली म्हणून लिहून द्या."

लिहून दिलं की माझी नोकरी जाणार, आणि सरांची मेहनत पाण्यात. माझं डोकंच फिरलं.

"कुंकू काय चारच मिनिटं लागतं का हो साहेब? चला, तपासू."

तीन दिवस तपासलं. त्याच पुडीतलं कुंकू काउंटरसमोर ठेवलं. मग शेंदूर, झेंडू. विजेचा दाब कमी-जास्त केला, काउंटर तापवला, गार केला. पट्टीवर रेघ काढणारी सुई ढिम्म. हलली ती फक्त साहेबांच्या रेडियमच्या काट्यांच्या घड्याळाने, आणि ते त्यांनी गपचूप काढून बाहेर नेऊन ठेवलं!

तरी तिसऱ्या दुपारी त्यांनी कबुलीचा कागद पुढे सरकवलाच. फुलं आणून देणारे आमचे शिपाई रशीदभाई दारात उभे होते.

"सही करू नका मास्तर. केलं न्हाई ते कबूल कशापायी करायचं? फुलं म्या आनली हुती. माजंबी नाव लिवा मंग!"

मी पेन खाली ठेवलं. "नाही करत. काय करायचं ते करा."

आणि सुई उसळली... पुसून लख्ख केलेला काउंटर, समोर रिकामं टेबल, घड्याळ तर केव्हाच बाहेर नेलेलं. बरोबर चार मिनिटं. सरांनी नवी पट्टी जुनीवर ठेवून खिडकीशी धरली — रेघेवर रेघ बसली.

साहेबांनी घाम पुसला. कागद त्यांनीच फाडला.

ती उसळी पुन्हा कधी आली नाही. ती कशाची होती, मला आजतागायत कळलेलं नाही. पुढच्या दसऱ्याला मात्र मी काउंटरला कुंकू लावलं. जरा जास्तच लावलं.