सतरा अक्षरांची परात

भांड्यांवर नावं टाकणं हा माझा धंदा. मानवतच्या बाजारातल्या एका भांड्यांच्या दुकानात मी कामाला आहे. मालकांचा हात थरथरायला लागला तसं नावं टाकायचं मशीन माझ्याकडं आलं. लोकांना घागरीच्या काठावर आजोबांपासून तालुक्यापर्यंत सगळं पाहिजे असतं. मी अक्षरं मोजते आणि तालुका उडवते. स्टीलवर उमटलेलं अक्षर पुसता येत नाही, म्हणून आधी मोजायचं आणि मग मशीन चालू करायचं.

आई गेली तेव्हा मात्र माझी अक्कल शेण खायला गेली होती. दहाव्या दिवशी तिची भांडी ओसरीवर मांडलेली होती. पुढं कुणाचं कुणाकडं जायला नको म्हणून मी मशीन नेलं आणि निम्म्या भांड्यांवर थोरल्या बहिणीचं, अक्काचं, आणि निम्म्यांवर माझं नाव टाकायला बसले. मला वाटलं, मी कामाचंच काहीतरी करतेय. अक्का घरातून बाहेर आली आणि मशीनचा आवाज ऐकून दारातच थांबली.

"आईचं तेरावं झालं न्हाई अजून, अन् तू नावं टाकायलीस?" एवढंच म्हणाली. तिच्या नावाची भांडी तिथंच सोडून ती सोनपेठला निघून गेली. त्यानंतर चार वर्षं ती माझ्याशी बोलली नाही. फोन केला की तिची सून उचलायची आणि "आत्याबाई कामात हायत" म्हणायची. ही अक्का म्हणजे, आई रोजंदारीला जायची म्हणून तिसरीतून शाळा सोडून जिनं मला वाढवलं ती. मला हे चार वर्षं खुपत राहिलं.

यंदा तिच्या नव्या घराच्या वास्तुशांतीची पत्रिका भाच्यानं आणून दिली. आहेराला परात न्यायची हे ठरलेलंच होतं. पण तिच्यावर काय टाकायचं? नाव टाकायला माझा हातच धजेना. चिठ्ठी लिहावी तर अक्का बोट ठेवून एकेक अक्षर जुळवत वाचते. लांबलचक काही असलं की दुसऱ्याकडून वाचून घेते, आणि माझं बोलणं मला सुनेच्या तोंडून तिला ऐकवायचं नव्हतं.

त्याच आठवड्यात वालूरकडच्या एका शाळेतल्या बाई शाळेची भांडी घेऊन आल्या. मी अक्षरं मोजताना पाहून हसल्या. "तुम्हाला हायकू सहज जमेल," म्हणाल्या. तीन ओळी, पाच, सात आणि पाच अक्षरं. सगळी मिळून सतरा. मी मनात म्हटलं, सतरा अक्षरं तर अक्काला कुणाच्याही मदतीशिवाय वाचता येतील. मग मी हट्टालाच पेटले.

पहिला हायकू गिऱ्हाईक असतानाच झाला.

सौ. अक्का हिस
धाकट्या बहिणीची
सप्रेम भेट

बाई भांडी न्यायला आल्या तेव्हा मी मोठ्या ऐटीत वही पुढं केली. त्यांनी बोटांवर मोजलं. "मोजणी अगदी बरोबर आहे. पण ताई, हा तर आहेर झाला!" मालक गल्ल्यावर बसून खो खो हसले. इतकी वर्षं माझे हात जे लिहीत आले तेच त्यांनी लिहिलं होतं, त्यात हसण्यासारखं काय होतं, पण मला लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी लिहिलं: चुकले अक्का, पदरात घे मला, राग सोड ना. अक्षरं पुन्हा बरोबर भरली. वाचलं तर रिक्षाच्या मागं लिहितात तसं वाटलं. मीच खोडलं. बाईंनी जाताना सांगितलं होतं, राग-माया लिहायची नाही, डोळ्यांनी पाहिलेलं लिहायचं. आता डोळ्यांनी पाहिलेलं काय लिहू? आठ दिवस मी खरडत होते. पिठाच्या डब्यावर, वर्तमानपत्राच्या कडेला, जिथं जागा मिळेल तिथं पाच-सात-पाच. मालक म्हणाले, "सोड की आता. नाव टाक अन् दे." मी म्हटलं, "सोडायची न्हाई. जमेपर्यंत परात दुकानाबाहेर जायची न्हाई."

एका सकाळी भाकरी करताना एक करपली. ती मी न बघता माझ्या ताटात सरकवली आणि हात तिथंच थांबला. हे मी कुणाचं पाहून शिकले, ते एकदम समोर आलं. तव्याशी अक्का, वय दहा. मी पिठानं भरल्या हातानंच वही ओढली.

करपलेली
भाकर तुला अक्का
पांढरी मला

तीनदा मोजलं. दुपारी मशीन लावलं. ज्या मशीननं घाण केली होती त्याच मशीननं लिहायचं होतं. तरी एकही अक्षर वाकडं गेलं नाही. मालकांनी विचारलं, "खाली नाव?" मी म्हटलं, "सतराच्या वर एक अक्षर न्हाई."

सोनपेठला मांडव बायकांनी भरला होता. अक्कानं परात घेतली, परक्या बाईकडून घ्यावी तशी. मग सवयीनं काठावर नाव बघायला लागली. बोट ठेवून, ओठ हलवत. क, र, प... मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. मागच्या बाया खोळंबल्या होत्या. दुसऱ्या ओळीत बोट तिच्या नावापाशी अडलं, मग पुढं सरकलं. शेवटपर्यंत वाचून तिनं वर पाहिलं.

"काय पण लिव्हायलीस," ती म्हणाली. "मला करपलेलीच आवडायची."

अक्काला करपलेलं कधीच आवडलं नाही. चार वर्षांनी ती माझ्याशी बोलली आणि पहिल्याच दमात माझ्यासाठी खोटं बोलली.

मी मान हलवली. "व्हय अक्का," म्हणाले, आणि सगळ्या बायकांसमोर तिच्या गळ्यात पडून रडले.