मल्लय्यांचे सावकाश वाचन

आमच्या वाचनालयाच्या सभेपुढे आलेला तो खोटा अर्ज मी लिहिला होता. बारा वर्षे ही गोष्ट मी कोणापाशी बोललो नाही. आज पन्नाशी उलटल्यावर मल्लय्यांविषयी लिहायला बसलो असता प्रथम हेच लिहिणे भाग आहे. कारण त्या माणसाचे मोठेपण मला माझ्या लबाडीमुळेच नीट दिसले.

मल्लय्या सोलापुरात हातमागावर लुगडी विणत. मातृभाषा तेलुगू, मराठी अक्षरे ते चाळिशीनंतर शिकले. दुपारी माग थांबले की कारखान्याच्या ओट्यावर बसून, ओळीखाली बोट ठेवून ते सर्वांना वर्तमानपत्र वाचून दाखवीत. शेजारी दुसरा एक विणकर तोच मजकूर डोळ्यांनी तपाशीत असे. त्या ओट्याचा तो दंडकच होता. "एकानं वाचायचं, दुसऱ्यानं बघायचं," ते म्हणत. "वाचणारा देव न्हाई की!"

मी पंचविशीतला शिक्षक, वाचनालयाचा चिटणीस. त्या वर्षांत इटलीत एक माणूस पायरीपायरीने सगळी सत्ता आपल्या मुठीत घेत होता. त्याच्या शिस्तीचे गोडवे मला तोंडपाठ होते. एकदा ओट्यावर मी म्हणालो, "मल्लय्यामामा, तिथे आता भांडणे नाहीत. सारा देश एका आवाजात बोलतो."

"बाकीचे आवाज कुटं गेले, मास्तर?"

"गप्प बसले."

"बसले, का बसवले?" मल्लय्यांनी चष्म्यावरून पाहिले. "घरात बायको गप्प बसली तर मला लई भीती वाटती. तुमाला सगळा देश गप्प बसलेला आवडतोय व्हय!"

ओट्यावर हशा पिकला. मी चिडून उठलो.

वाचनालयाच्या अध्यक्षांनाही तेच वारे लागले होते. दरवर्षी समिती निवडण्याऐवजी आपल्याला तहहयात सर्वाधिकारी नेमावे, अशी त्यांची इच्छा होती, आणि मला ती देशसेवाच वाटली. परंतु सभासदांत विणकर बहुसंख्य. ते मान्य करणे शक्य नव्हते. एक तेलुगू वर्तमानपत्र मागवावे म्हणून त्यांनी नुकताच अर्ज दिला होता: पहिल्या पानावर मागणी, मागच्या पानांवर सह्या. तो अर्जही त्यांच्या सांगण्यावरून मीच लिहिला होता. मी पहिले पान काढले, त्याजागी अध्यक्षांच्या मनासारखे दुसरे लिहिले आणि सह्यांना टाचून दिले.

सभेत अध्यक्ष म्हणाले, "बहुसंख्य सभासदांचा अर्ज आला आहे. तो वाचला असे समजून मंजूर करू या."

मल्लय्या उठले. "समजायचं कशाला? हितं वाचणारा हाय की."

ते टेबलापाशी आले. त्यांच्या शेजारी तपासणारा विणकर उभा राहिला. बोट पहिल्या ओळीखाली गेले. "स... मि... ती... ब... र... खास्त..."

मागून कोणी खिदळले, "दिवाळी येईल अशानं!"

"येऊ द्या. घाई कुणाला हाय, ते तरी कळंल."

त्यांनी शेवटच्या शब्दापर्यंत वाचले. मग त्यांनी विचारले, "ह्यात आमचा पेपर कुटं हाय?"

"सह्या तुमच्याच आहेत ना?" अध्यक्ष ओरडले.

"सही माझी हाय. कागद माझा न्हाई."

टेबलावरची लेखणी उचलून मल्लय्यांनी आपले नाव खोडले. त्यांच्यामागे रांग लागली. कोणी आपल्या तेलुगू सहीवर रेघ ओढली, कोणी आपल्या अंगठ्यावर फुली मारली. शेवटचे नाव खोडून होण्याआधीच अध्यक्ष टोपी घालून निघून गेले. मग हात वर करून नवी समिती निवडली गेली. मल्लय्या अध्यक्ष झाले. त्या दिवशी विणकरांनी त्यांना हलगी वाजवीत पेठेतून नेले. महिन्याभरात तेलुगू वर्तमानपत्रही सुरू झाले.

पाने कशी बदलली, असे कोणीतरी मला विचारले होते. मी म्हणालो, "टाचणी लावताना घोटाळा झाला असावा." मल्लय्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. "असंल," एवढेच म्हणाले.

पुढे इटलीच्या बातम्या येत गेल्या. विरोधी पत्रे बंद, इतर पक्ष बंद, मतदारापुढे उमेदवारांची एकच यादी. वाचता वाचता मल्लय्या थांबत. "तिकडंबी टाचणीच चुकली काय, मास्तर?" सगळे हसत. मीही हसे, आणि माझे कान तापत. तिथेही माझ्यासारख्याच कोणा सुवाच्य अक्षराच्या माणसाने पहिले पान बदलून दिले असेल, हा विचार मला सोडीत नसे.

बारा वर्षे सभासदांनी मल्लय्यांनाच निवडले. तेराव्या सभेत त्यांनी नकार दिला. "राहा की, मामा!" असा गलका झाला, तेव्हा ते म्हणाले, "मला खुर्ची आवडाय लागलीया. म्हणूनच उठतो."

टाळ्यांनी सभागृह दणाणले. त्यांच्या गौरवाचे भाषण माझ्याकडे होते. लिहून आणलेले कागद मी टेबलावर पालथे ठेवले आणि विणकरांकडे तोंड करून म्हणालो,

"मल्लय्यामामा, तुमच्या अर्जाचे पहिले पान मी काढले. दुसरे मी लिहिले, जाणूनबुजून, आणि तुमच्या सह्यांचा वापर तुमचाच आवाज बंद करण्यासाठी केला. मी तुमचा अपराधी आहे. त्या दिवशी नाव खोडण्यासाठी ज्यांना रांगेत उभे राहावे लागले, त्या प्रत्येकाचा अपराधी आहे. मला क्षमा करा."