काढेवाले काका

काढेवाले काका काउंटरवर दोन्ही हात ठेवून गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न एकच विचारत, "जेवला का?" समोर सोसायटीचा वॉचमन असो, कुठला साहेब असो, की चाकणच्या कंपनीची बस गाठायची म्हणून चुळबुळत उभी असलेली मी. उत्तर मिळाल्याशिवाय त्यांचा हात फळीकडे जात नसे. रहाटणीत नव्याने राहायला आलेल्यांना हा आगाऊपणा वाटे. मलाही वाटला होता. माझ्या जेवणाची चौकशी माझी सख्खी आईसुद्धा फोनवर इतक्या नेमाने करत नव्हती.

काका इथल्या जुन्या शेतकरी घरातले. जमिनी गेल्या, इमारती उभ्या राहिल्या, भाऊबंद प्लॉटिंगच्या धंद्यात शिरले. काकांनी मात्र वडिलांचं आयुर्वेदिक औषधांचं दुकान धरून ठेवलं. चूर्णं आणि तेलं होतीच, पण दुकानाचं नाव होतं ते आसवं आणि अरिष्टांसाठी, ज्यांना आपण सरसकट काढा म्हणतो. माझ्या बाळंतपणात सासूबाईंनी फर्मान काढलं की दशमूलारिष्ट काकांकडूनच आणायचं. नवरा दुकानात गेला. "बाळंतीण जेवल्याबिगर दिऊ नगा. जेवढा काढा, तेवढंच पानी. आन चमचा तुमी भरायचा, तिला उठवायचं न्हाई," एवढं ऐकून आमचे इंजिनिअर महाशय परत आले आणि बाळंतपणभर खरोखरच चमचा घेऊन उभे राहिले.

काढ्यात आपोआप थोडी दारू तयार होते, हे काका कधी लपवत नसत. गूळ आणि धायटीची फुलं घालून औषधं मुरत ठेवली की ती होणारच. "जेवनामागनं मापात घेतला तर औषध, उपाशीपोटी बाटली तोंडाला लावली तर गुत्ता," ते म्हणत. ही गोष्ट पिणाऱ्यांनाही चांगली ठाऊक होती. ड्राय डे आला की दुकानासमोर अनोळखी चेहरे दिसू लागत.

दत्ता असाच एका ड्राय डेला आला. काळेवाडीला राहणारा, भोसरीत वेल्डिंग करणारा. त्याने तीन बाटल्या मागितल्या. जेवलेला नव्हता, म्हणून काकांनी त्याला घरी पिटाळलं. तो शिव्या देत गेला आणि, नवल म्हणजे, जेवून परत आला. काकांनी एक बाटली फोडली, तिच्यावर चिकटपट्टी लावून त्याचं नाव घातलं आणि वाटीत दोन चमचे काढा पाण्यात मिसळून दिला. "ऱ्हायलेली हितंच ऱ्हाईल. उद्या जेवून ये." दत्ता दुसऱ्या दिवशी आला, मग रोजच येऊ लागला. ज्याच्या हाती अख्खी बाटली द्यायची काकांना भीती वाटे, अशा प्रत्येकाची बाटली हळूहळू मागच्या फळीवर नावानिशी उभी राहिली. काढ्याने त्या मंडळींना किती गुण आला देव जाणे, पण दत्ताच्या गालांवर मांस दिसू लागलं एवढं खरं.

लांबून पाहणाऱ्याला मात्र काय दिसणार? फोडलेल्या बाटल्या, वाट्या, आणि संध्याकाळी दुकानात उभे असलेले पुरुष. कोणीतरी तक्रार केली, दारूबंदीवाले आले आणि काढ्याच्या सगळ्या फळ्या सील करून गेले. विनापरवाना दारू पाजण्याचा आरोप होता. धास्ती घेऊन आसपासच्या मेडिकलवाल्यांनीही काढा ठेवणं बंद केलं. सासूबाईंच्या पोटाची तक्रार चारचौघांत सांगण्यासारखी नाही, पण त्या अभयारिष्टासाठी काळेवाडीपर्यंत हिंडून रिकाम्या हाताने परत आल्या.

काढा कायमचा बंद करतो असं लिहून द्यावं, चूर्ण-तेल खुशाल विकावं, अशी सुटकेची वाट दारूबंदीवाल्यांनी काकांना दाखवली. त्यांचा मुलगाही तेच म्हणत होता. काका ऐकेनात. "म्या लिवून दिलं की बाकीचे कशाला ठिवत्याल? बाया बाळंत व्हायच्या थांबल्यात का? म्हाताऱ्यांनी कुटं जायचं?"

सुनावणीला आम्ही चार बायका रजा टाकून गेलो. दुकानात पाजत नाही असंच म्हणा, असं वकिलाने काकांना बजावलं होतं. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी विचारलं तेव्हा काका म्हणाले, "व्हय साहेब, पाजतो," आणि का ते सांगितलं. साहेब म्हणाले, "काका, तुमचा हेतू मला कळला. पण हेतूला परवाना देता येत नाही." सीलबंद काढा औषध म्हणून विकायला हरकत नाही, दुकानात मात्र एक थेंब पाजायचा नाही, असा त्यांनी निकाल दिला.

आम्ही पेढे वाटले. मेडिकलच्या फळ्या पुन्हा भरल्या. त्या संध्याकाळी दत्ता नेहमीसारखा जेवून आला. आता वाटी बंद, असं काकांनी त्याला सांगितलं.

"मग बाटली द्या."

"तुला न्हाई."

"का बरं काका? आता कायद्यानं मिळती की. तुम्हीच तर मिळवून दिली."

तो चिडला नव्हता, खरंच विचारत होता. काका वाट्या आवरू लागले. दत्ता समोरच्या मेडिकलमध्ये गेला आणि हातात पिशवी घेऊन निघून गेला. पुढे काढ्यावरून तो पुन्हा दारूवर गेला आणि वर्षाच्या आत संपला.

काका मला बरोबर घेऊन काळेवाडीला त्याच्या खोलीवर गेले. त्याच्या बायकोने बोल लावला नाही. "तुमच्याकडं जायचं म्हणून तरी ह्यो माणूस लेकरांसंगं ताटावर बसायचा," एवढंच म्हणाली. मला काकांकडे पाहवेना.

त्यानंतर काका संध्याकाळी दुकान लवकर बंद करू लागले. मागच्या फळीवर ज्यांच्या बाटल्या असत, त्यांची घरं त्यांनी शोधून काढली. सीलबंद बाटली त्या घरातल्या बाईच्या हाती द्यायची, माणूस जेवेपर्यंत शेजारी बसायचं आणि मग मापाने काढा घ्यायला लावून उठायचं. गुडघे धड नसताना लिफ्ट नसलेल्या इमारतींचे जिने ते चढत. मुलगा वैतागे. मीही रागावले, तेव्हा मला म्हणाले, "दुकानात बंदी हाय, ताई. मानसाच्या घरात न्हाई."

गेल्या हिवाळ्यात ते अंथरुणाला खिळले. मी भेटायला गेले, तेव्हा आवाज खोल गेला होता. तुमच्यामुळे आज सगळ्यांना औषध मिळतं, असं मी म्हणाले आणि ते मनापासून म्हणाले. त्यांनी मान हलवली.

"त्ये बरूबरच झालं. पर त्या सांजंला दत्ता म्होरं उबा हुता, ताई. तवा मला नुसतं एवडंच म्हनायचं हुतं, चल, तुज्या घरी जाऊ."